उसवाताईंची हजेरी

उसवाताईंचा सकाळचा निरोप कधी शुभ नसायचा. बाकीच्या जणी फुलं टाकायच्या, उगवता सूर्य टाकायच्या, कोणी हात जोडलेलं गोंडस बाळ टाकायचं. उसवाताई लिहायच्या, "मशीनला तेल घातलं का?"

त्यावर बटणकाकांचं उत्तर यायचंच. "नाही घातलं. काय करणार?"

"मशीन विकून टाका."

"तुम्ही घेता?"

"तुमच्या हाताखालून गेलेली? फुकट दिलीत तरी नको. तिला आधी माहेरी पाठवून विश्रांती द्यावी लागेल."

मग रात्रपाळी संपवून घरी निघालेल्या नर्सबाई मध्ये पडायच्या, "अहो, भांडा, पण हळू भांडा. मला झोपायचंय." आणि काका लिहायचे, "आम्ही लिहितोय, बाई. आवाज कुठून येणार?"

आमचा दिवस असा उजाडायचा. 'सुईदोरा' हा आमचा फोनवरचा शिवणकामाचा समूह. मी घरातलं आवरून, डबे भरून, सगळे आपापल्या वाटेला लागले की ओट्याला टेकून आधी तिथलं वाचायची. कोणी दुकानात शिवणारं, कोणी माझ्यासारखं घरातलं, कोणी निवृत्त. वेगवेगळ्या गावांतली माणसं, एकमेकांना कधी न पाहिलेली. बटणकाका बस चालवून निवृत्त झालेले. बायकोचं मशीन घरात नुसतं पडून होतं म्हणून त्यांनी नातवंडांचे कपडे शिवायला घेतले. पहिल्याच शर्टाला एवढी बटणं लावली की नातू तो घालायलाच तयार होईना. तेव्हापासून ते बटणकाका. कॉलर कशी बसवायची इथून सुरू झालेलं बोलणं गुडघेदुखीवर जायचं, गळक्या नळावर जायचं, कोणाच्या जावयाच्या तऱ्हेवाईकपणावर जायचं आणि वळसा घालून पुन्हा कॉलरवर यायचं.

या समूहात एक रीत होती, उसवाताईंनी घातलेली. काही शिवून झालं की फोटो टाकायचा तो आधी आतल्या बाजूचा. कपडा उलटा करून टाके दाखवायचे, मग सुलटा. "वरून सगळेच बरे दिसतात," असं त्यांचं म्हणणं. फोटोत काही वाकडं दिसलं की त्या एकच शब्द लिहायच्या, "उसवा." त्यावरूनच त्यांना ते नाव पडलं. खरं नाव कोणी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही.

मी पहिल्यांदा पडदे शिवून, ही रीत ठाऊक नसताना, मोठ्या हौसेने फक्त सुलटा फोटो टाकला तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "खालची दुमड अशी नदीसारखी का वाहतेय?"

मला राग आला. मी लिहिलं, "पडदा आहे हो. माणूस खिडकीबाहेर बघतो, दुमडीकडे नाही."

"मग पडदा कशाला लावता? उसवा."

मी हसत हसत उसवलं. त्या दिवसापासून मी 'पडदेबाई' झाले, पुढे कितीही फ्रॉक शिवले तरी.

हे सगळं आधी सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं त्याचा माझा राग अजून गेलेला नाही. आणि आपण नेमकं काय मोडायला निघालो होतो ते कळल्याशिवाय तो राग कोणाला कळायचा नाही.

उसवाताईंची खरी ओळख मला झाली ती एका शर्टाच्या कॉलरमुळे. माझी कॉलर काही केल्या बसेना. मी त्यांना समूहाबाहेर, वेगळं लिहिलं, "फोन करू का? बोलून लवकर कळेल."

थोड्या वेळाने उत्तर आलं. "फोन नको. मी बोलताना अडखळते. थोडीथोडकी नाही, फार. तुम्ही विचारा, मी लिहून सांगते." आणि त्याखाली, "हे कोणाला सांगू नका. लाज वाटते म्हणून नाही. एकदा कळलं की लोक माझ्याशी हळू बोलायला लागतात."

मी सांगितलं नाही. कॉलर बसली. आणि मग अधूनमधून, कामाच्या ओघात, त्यांचं आयुष्य मला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं.

शाळेत हजेरी घेताना बाई नाव पुकारायच्या. ही मुलगी उभी राहायची, तोंड उघडायची, आणि 'हजर'मधला 'ह' ओठांवर येऊन तिथेच बसायचा. वर्ग खिदळायचा. बाई पुढच्या नावाकडे जायच्या. महिनाअखेरीला घरी निरोप, की मुलगी शाळेत येत नाही. आईने विचारलं, कुठे उंडारतेस? तेही तोंडाने सांगता येईना. समोर उभ्या असलेल्या, वेणी घातलेल्या, धडधडीत दिसणाऱ्या मुलीला गैरहजर लावणाऱ्या त्या बाईंना काय म्हणावं! डोळे होते ना त्यांना?

मोठेपणी हाताला कला लागली. त्या तयार कपड्यांच्या एका मोठ्या दुकानात बदल करून द्यायच्या कामाला लागल्या. पॅन्टची लांबी कमी कर, कमरेत घे, बाही आखूड कर. काम मागच्या खोलीत, मालाच्या खोक्यांना लागून. एक ट्यूबलाइट, लांब टेबल, इस्त्री, मशीन. पुढे काउंटरवरचा माणूस गिऱ्हाइकाच्या अंगावर खडूने खुणा करतो, टाचण्या लावतो आणि कपडा मागे पाठवतो. उसवाताईंनी एकदा मालकांकडे पुढे बसण्याबद्दल विचारलं होतं. ज्याच्या अंगावर कपडा बसवायचा तो माणूस दिसला तर काम चांगलं होतं, एवढंच त्यांचं म्हणणं. मालक म्हणाले, "तुमचा हात चांगला आहे, बाई, पण गिऱ्हाइकाला वेळ नसतो हो." गिऱ्हाइकाला वेळ नसतो! आरशासमोर अर्धा तास डावीकडून उजवीकडून स्वतःला न्याहाळायला वेळ असतो, आणि एका बाईचं एक वाक्य पुरं व्हायला मात्र नसतो.

घरी भाऊ, वहिनी, त्यांची मुलं. सगळी मायेची. तीच तर पंचाईत. "माझी वाक्यं सगळे मिळून पुरी करतात," त्यांनी एकदा लिहिलं होतं. "मी म्हणते, मी जरा चा... चा... मला म्हणायचं असतं, चालायला जाऊन येते. वहिनी लगेच म्हणते, चहा ना? ठेवते हो. आणि ठेवते. आता एवढ्या प्रेमाने केलेला चहा नको कसा म्हणू? नको म्हणायलाही वेळ लागतो. तोवर कप हातात. पडदेबाई, मी आयुष्यात नको असलेला चहा किती प्यायलेय याची तुम्हाला कल्पना नाही."

मी हसले.

त्यांनीच पुढे लिहिलं, "इथे बरं आहे. इथे माझं वाक्य मीच संपवते. आणि कोणी उलट बोललं तर मजा येते. घरात मला कोणी उलट बोलत नाही." दुकानात त्यांचा फोन रिळांच्या डब्याला टेकवून समोर उभा असायचा. एक पॅन्ट झाली की काकांना एक टोमणा, की पुढची पॅन्ट. काकांनाही वाटेल तेवढं परत करायची मुभा होती. लिहिताना त्या कुठे म्हणून अडत नसत. बटणकाका एकदा म्हणाले होते, "ताई, तुमची जीभ म्हणजे कात्री आहे." त्यांना काय माहीत त्या दिवशी त्यांनी केवढं देऊन टाकलं ते. उसवाताईंनी ते वाक्य मला वेगळं पाठवलं होतं. खाली काही लिहिलं नव्हतं.

तर अशा या आमच्या समूहाची मालकी बदलली. ज्यांनी तो सुरू केला त्या मोठ्या बाईंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, आणि त्यांनी सगळी सूत्रं एका क्लासवाल्या बाईंकडे दिली. या बाईंचे शिवणाचे क्लास मोठ्या जोरात चालतात. आल्या त्या नव्या सुनेने माळा आवरायला घ्यावा तशा उत्साहाने. मी त्यांना वाईट म्हणत नाही. वाईट माणसाशी भांडणं सोपं असतं.

त्याच सुमारास बाईचं नाव लावून कोणी भामटा समूहात शिरला आणि केस गळू नयेत म्हणून लावायच्या तेलाच्या जाहिराती टाकायला लागला. काका म्हणाले, "मला उशीर झाला हो या तेलाला." तो भामटा काढला गेला. पण क्लासवाल्या बाईंनी दुसऱ्याच दिवशी फर्मान काढलं:

"प्रिय सख्यांनो, आपल्या सुरक्षिततेसाठी शनिवारपर्यंत प्रत्येकीने स्वतःच्या आवाजात हजेरी लावायची आहे. 'मी अमुक, मी हजर आहे' एवढंच रेकॉर्ड करून टाका. ज्यांचा आवाज येणार नाही त्यांचं खातं खोटं समजून त्यांना काढण्यात येईल. चला, एकमेकींचे गोड आवाज ऐकू या!"

"आणि मी?" काकांनी विचारलं. "मला सखी म्हणा, नाहीतर गोड आवाज तरी म्हणा."

मी ते वाचलं आणि ओट्याजवळच्या स्टुलावर बसले. हजेरी! जगात दुसरा शब्द नव्हता का या बाईंना?

एकेक आवाज यायला लागला. नर्सबाईंचा आवाज एवढा नाजूक निघाला की सगळे चकित. काकांनी 'मी हजर आहे' एवढं अशा सुरात म्हटलं की जणू बसपुढे आलेल्याला बाजूला हो म्हणतायत. मजा चालली होती. मीही माझी हजेरी लावली. उसवाताई मात्र गप्प. सकाळी तेलाचं विचारायच्या, दोघातिघांना उसवायला लावायच्या, हजेरीबद्दल चकार शब्द नाही.

गुरुवारी कुजबुज सुरू झाली. कुजबुज म्हणजे सगळ्यांसमोर लिहिलेली, पण 'मला काही म्हणायचं नाही हं' अशी सुरुवात करून. एकीने लिहिलं, "मला काही म्हणायचं नाही हं, पण काही जुन्या सदस्यांचा आवाज अजून आला नाही." दुसरी म्हणाली, "आवाज द्यायला काय हरकत असते? लपवण्यासारखं असेल तरच ना." तिसरीने आणखी पुढची पायरी गाठली, "बाईमाणसाची भाषा इतकी तिखट नसते. पुरुष असेल."

"असला तर असला," काका म्हणाले. "मी चालतो, तर तो का नको?"

"काका, तुम्ही सांगून आलात. फसवून नाही."

इतक्या वर्षांची ओळख! या तिसरीच्या मुलीच्या लग्नातला कोट उसवाताईंनी तिला फोटोवर खुणा करकरून, चार दिवस एकेक टाका समजावून बसवून दिला होता. ती कृतज्ञता कुठल्या खिशात गेली? लिहीन म्हटलं, सगळं लिहीन, आणि मग शब्द दिलेला आठवला.

उसवाताईंना वेगळं विचारलं, "मी सांगू का यांना? एकदाच सांगते आणि तोंडं बंद करते."

"सांगितलंत तर मी आजच जाते," त्यांनी लिहिलं. "आणि माझ्यासाठी भांडू नका. काकांशी भांडा, त्यांनी मशीनला तेल घातलेलं नाही."

मग मी क्लासवाल्या बाईंनाच फोन लावला.

"अहो, एखादीला नसेल जमत आवाज पाठवायला," मी म्हटलं. "कारण काहीही असेल. मी त्यांना ओळखते, माझी हमी घ्या."

"तुम्ही भेटलायत का त्यांना?"

"नाही."

"बोललायत?"

"रोज बोलते."

"म्हणजे फोनवर?"

"लिहून."

"ताई," त्या अशा गोड आवाजात म्हणाल्या की माझ्या दातांना कळ आली, "लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे ना. आणि एकीला सूट दिली की सगळ्या मागतात. लाजत असतील तर आमच्याकडे व्यक्तिमत्त्व खुलवण्याचाही वर्ग आहे. त्यांना सांगा."

व्यक्तिमत्त्व खुलवण्याचा वर्ग! उसवाताईंचं व्यक्तिमत्त्व आणखी खुललं असतं तर अर्ध्या समूहाला पळ काढावा लागला असता. मी फोन ठेवला आणि कणीक अशी मळली की आमचे हे म्हणाले, "कोणाचा राग काढतेयस? पोळ्या आम्हाला खायच्यात."

शनिवारी दुपारी हजेरी आली.

मी भाजी चिरत होते. सुरी खाली ठेवली, हात पुसले आणि फोन कानाशी धरला. आधी मशीनची घरघर, मग ती थांबली. मागे कुठेतरी खोकं सरकवल्याचा आवाज. मग एक जाडसर, जरा बसका आवाज. "मी उ... उ... उ..." लांबच लांब थांबा. श्वास. पुन्हा तो उकार. मी ओटा घट्ट धरून उभी होते आणि माझ्या तोंडात ते नाव तयार होतं. ते पुरं करून टाकायची एवढी घाई मला का झाली होती कोण जाणे. "...उसवाताई. मी ह... ह..." शाळेतल्या बाई याच ठिकाणी पुढच्या नावाकडे गेल्या होत्या. इथे पुढे जायला कोणी नव्हतं. घाई करायलाही कोणी नव्हतं. "...हजर आहे. आता क... कामाला लागा."

आमचे हे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "कोण आहे? रेंज नाही वाटतं त्यांना."

"रेंज आहे त्यांना," मी म्हटलं. "तुम्हाला नाही." बिचाऱ्यांना काही कळलं नाही. संध्याकाळी सांगितल्यावर ते ओशाळून फोन मागायला आले, म्हणाले, "पुन्हा ऐकव. सगळं ऐकतो."

समूहात टाळ्या सुरू झाल्या. टाळ्यांची चित्रं, हात जोडल्याची चित्रं, डोळे पुसणारे चेहरे. "केवढं धैर्य!" "ताई, तुम्ही वाघीण आहात!" "तुमच्यापुढे आमची दुःखं काहीच नाहीत!" जी 'पुरुष असेल' म्हणाली होती तिने तर पानभर मजकूर लिहिला, की आज तिला आयुष्याचा अर्थ कळला. माफी तेवढी त्या पानात नव्हती. मी दोनदा वाचून शोधली.

दुसऱ्या दिवशी नर्सबाईंचा मला फोन. "पाहिलंत का? क्लासच्या जाहिरातीत आलंय ते."

मी पाहिलं. क्लासवाल्या बाईंनी उसवाताईंचा तो आवाज उचलून आपल्या क्लासच्या जाहिरातींच्या पानावर टाकला होता. मागे हळुवार संगीत, वर अक्षरं, 'तिने अडथळ्यांवर मात केली, तुम्ही कधी करणार? नव्या तुकडीत प्रवेश सुरू.'

मी कोणाशी सहसा चढ्या आवाजात बोलत नाही. त्या दिवशी बोलले.

"त्यांना विचारलंत का?"

"अहो, कौतुकच केलंय ना! लोक किती भारावलेत बघा."

"कशाने भारावलेत? नाव सांगण्याने? तुम्ही तुमचं नाव सांगता तेव्हा कोण भारावतं?"

"ताई, तुम्ही उगाच नकारात्मक घेताय. त्यांच्यासारख्यांना अशाने प्रोत्साहन मिळतं."

"त्यांच्यासारख्या म्हणजे कशा? आणि खोटं खातं म्हणून हाकलायला निघाला होतात ना तुम्ही परवा? ते आधी काढा, मग माझ्याशी बोला. तोवर मी, नर्सबाई आणि काका आळीपाळीने फोन करत राहू. काका बस चालवायचे. ते फेरी चुकवत नाहीत."

संध्याकाळी ते काढलं गेलं. खाली ओळ होती, 'कोणाच्या भावना दुखावल्या असल्यास दिलगिरी.' असल्यास! म्हणजे दुखावल्या की नाही याची चौकशी अजून व्हायचीच आहे.

मला वाटलं, संपलं. पण खरं वाईट पुढेच होतं, आणि ते करणारं कोणीही वाईट नव्हतं.

सोमवारी सकाळी उसवाताईंनी विचारलं, "मशीनला तेल घातलं का?"

काकांनी लिहिलं, "हो ताई. घातलं. तुम्ही आठवण करून दिलीत, आभारी आहे."

मी ते तीनतीनदा वाचलं. काका? आभारी? एका जणीने फ्रॉकचा फोटो टाकला, आतून दोरे लोंबत होते. उसवाताई म्हणाल्या, "उसवा." पूर्वी यावर निदान अर्धा तास रणधुमाळी व्हायची. आता उत्तर आलं, "हो ताई, तुम्ही म्हणाल तसं," आणि जोडलेले हात. कोणी सोप्या सोप्या शब्दांत लिहायला लागलं, लहान मुलाशी बोलावं तसं. अहो, बोलताना अडखळणाऱ्या माणसाला वाचताना काय होतं? एकीने लिहिलं, "ताई, सावकाश लिहा हं, आम्ही थांबलोय."

आठवडाभर असंच. मग उसवाताईंचा मला वेगळा निरोप आला.

"पडदेबाई, आता इथेही सगळे मला चहाच देतायत."

मी काही लिहिण्याआधी त्यांनीच पुढे लिहिलं, "कपड्याचा एक फोटो टाकते आणि निघते. उगाच मनधरणी करू नका."

थोड्या वेळाने समूहात फोटो आला. पूर्ण बाह्यांचा एक पुरुषी शर्ट, फिकट निळा, त्यांच्या भाच्यासाठी शिवलेला. रीतीप्रमाणे आधी आतली बाजू, मग सुलटी. टाके नेहमीसारखे, एकसारखे. खाली लगेच वर्षाव सुरू झाला. "अप्रतिम!" "देवाने एक काढून घेतलं तरी दुसरं भरभरून दिलं!" "यातून आम्ही काय शिकावं तेवढं थोडं!" काकांनीही गुलाबाचं फूल टाकलं. बटणकाकांनी, फूल!

माझंही बोट त्या टाळ्यांच्या चित्राकडे चाललं होतं. सवयीने मी फोटो आधी मोठा करून पाहिला. पाहिला आणि थबकले.

कफाची चीर पुढे होती. शर्टाच्या बाहीला मनगटाशी जी चीर असते ती मागच्या अंगाला, कोपराच्या बाजूला यायला हवी. इथे दोन्ही चिरा पोटाकडे बघत होत्या. म्हणजे डावी बाही उजव्या मुंढ्याला लागली होती आणि उजवी डाव्या. ज्याने एक शर्ट शिवलाय त्याला दिसेल अशी चूक. सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होती. निदान पाचसहा जणांना ती दिसली असणार, काकांना तर नक्कीच. गेल्या वर्षी त्यांनी हीच चूक केली होती आणि उसवाताईंनी त्यांना महिनाभर 'उलटे काका' म्हणून हाक मारली होती. तरीही फूल! बिचारीला कशाला दुखवा, म्हणून फूल! शाळेतल्या त्या बाईंना समोर उभी असलेली मुलगी दिसली नाही, आणि आम्हाला हातभर लांब बाही दिसत नव्हती. फरक काय?

मी लिहिलं, सगळ्यांसमोर:

"उसवा. बाह्या उलट्या लागल्यात. शिवताना डोळे काय माळ्यावर ठेवले होते?"

लगेच एक जण धावली, "पडदेबाई, असं काय बोलता? जरा विचार करा त्यांचा!" दुसरी म्हणाली, "किती कठोर!" क्लासवाल्या बाईंनी लिहिलं, "कृपया संवेदनशीलता बाळगा."

मी ओट्यापाशी उभी राहून फोनकडे बघत राहिले. वरच्या कोपऱ्यात 'उसवाताई लिहीत आहेत' असं दिसत होतं. ते थांबायचं. पुन्हा दिसायचं. एवढा वेळ त्यांना लिहायला कधी लागला नव्हता. मी काही पुरं केलं नाही. वाट पाहिली.

"मुद्दाम लावल्यात," उत्तर आलं. "कोण बोलतंय बघत होते. अख्ख्या समूहात एक पडदे शिवणारी बाई बोलली. बाकीच्यांनी आपापली मशीनं भंगारात द्यावीत."

"मुद्दाम? काहीतरीच," मी लिहिलं. "चुकल्यात तुम्ही. कबूल करा."

"मी? बाही? तुमची दुमड अजून नदीसारखी वाहते, आधी तिला बांध घाला."

"विषय बदलू नका. चूक ती चूक."

"मुद्दाम."

"चूक."

आणि मग काकांचा निरोप आला. बहुधा बराच वेळ मनात धरून ठेवलेला असावा, कारण तो एका दमात आला. "चूकच आहे. मला मघाशीच दिसली होती. उलटे काका काय, उलटे काका! आता मी महिनाभर 'उलट्या ताई' म्हणणार. आणि मी खोटं बोललो, सोमवारी तेल घातलं नव्हतं."

"मला माहीत होतं," उसवाताईंनी लिहिलं. "तुमच्या टाक्यांवरून दिसतं. आणि ते फूल परत घ्या आधी."

"घेतलं."

"अहो, भांडा, पण हळू," नर्सबाई म्हणाल्या. "माझा आत्ता डोळा लागला होता."

कोणी तरी पुन्हा संवेदनशीलतेबद्दल काही लिहिलं. ते तसंच वर सरकत गेलं, कोणी त्याच्याकडे पाहिलं नाही. दुपारपर्यंत भांडण इतकं रंगलं की दोन जणी रुसून गेल्या आणि चार वाजता चहा घेऊन परत आल्या. उसवाताई गेल्या नाहीत. जाणार होत्या ते त्यांनी पुन्हा काढलं नाही आणि मीही विचारलं नाही.

तो शर्ट चुकून तसा शिवला की मुद्दाम, हे आजही मला माहीत नाही. संध्याकाळी त्यांनी उसवलेल्या बाह्यांचा फोटो मला वेगळा पाठवला. टेबलावर दोन बाह्या, बाजूला ओढून काढलेल्या दोऱ्यांचा छोटा ढीग. खाली लिहिलं होतं, "दुकानातून निघाले. घरी जाऊन आधी चालायला जाणार आहे. वहिनीने चहा ठेवला तर ठेवू दे. माझं वाक्य पुरं होईपर्यंत मी दारातच उभी राहणार आहे."

"गार होईल चहा," मी लिहिलं.

"होऊ दे. आणि पडदेबाई, तो खिडकीचा पडदा काढा. त्याची आतली बाजू मी अजून पाहिलेली नाही."